सागरी प्रदूषण आणि ‘समाज’ ह्या शब्दाचे दोन अर्थ

संस्कृतातील ‘भृंगार’ म्हणजे झारी. प्राकृतात त्याचे ‘भिंगार’ असे रूप होते. भिंगार गावाच्या नावाची व्युत्पत्ती म्हणून हा शब्द पुढे करण्याचा प्रस्तुत लेखकाचा मानस नाही. तथापि सागरी प्रदूषणाचा विचार ह्याच गावापासून आरंभ करण्यास हा योगायोग सोयीचा वाटतो. सह्याद्रीच्या पूर्वेस पठारावर वसलेल्या ह्या गावाला समुद्राशी आपला काही संबंध आहे असे सहसा वाटत नाही. परंतु येथील ओढ्यानाल्यांचे पाणी सीनेला मिळते, सीना सोलापूर जिल्ह्यात हत्तरसंग-कुडल येथे भीमेला, भीमा कर्नाटकात कृष्णेला, आणि कृष्णा आंध्रात हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागराला. झारीत घातलेले तोटीवाटे बाहेर पडावयाचेच.

समुद्र बिघडल्याची जाणीव कोणाला, केव्हा आणि कोणत्या शब्दांत झाली, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाने सोडून देण्याजोगा नाही. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील कलम २७७ ने सार्वजनिक झरा वा जलाशय घाण करणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड सांगितला होता. समुद्राचा त्यात उल्लेखही नव्हता. महाराष्ट्राने १९६९ मध्ये जलप्रदूषणाविरुद्ध स्वतंत्र कायदा केला, १९७० च्या सप्टेंबरात प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले आणि १९७४ मध्ये केंद्राचा अधिनियम आला. ‘प्रदूषण’ हा शब्द कोळीवाड्यांत रुळला तो ह्या कायद्यांच्या व कचेऱ्यांच्या वाटेने. अनुभव मात्र त्याच्या पुष्कळ आधीचा होता, आणि त्याला जुने शब्दही होते.

त्यांपैकी दोन शब्द येथे विशेष विचारात घेण्यासारखे आहेत: ‘उधाण’ आणि ‘भांग’. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येणारी मोठी भरती ते उधाण. अष्टमीच्या सुमारास पाण्याची चढउतार मंदावते तो भांग. भांगाच्या दिवसांत खाडीतील पाणी कमी पालटते, त्यामुळे त्यात सोडलेली घाण तेथेच रेंगाळते. उधाण ती पातळ करून दूर नेते. एकाच जागेचा पाण्याचा नमुना ह्या दोन तिथींना घेतला तर त्यांचे आकडे सारखे येतीलच असे नाही. तपासनीस तारीख व वेळ लिहितो. मच्छीमार तिथी विचारतो. त्याचा प्रश्न अडाणीपणाचा मानला जातो, वस्तुतः तो अधिक शास्त्रीय आहे. डोल जाळ्याचेही तसेच. ते प्रवाहात बांधून ठेवतात आणि ओहोटी-भरतीबरोबर जे येईल ते त्यात सापडते, बोंबील असो, जवळा असो वा प्लॅस्टिकची पिशवी. ते एक प्रकारचे मापनयंत्रच होय. त्याची नोंदवही तेवढी कोणी ठेवली नाही.

शहरातील सर्वसामान्य माणसाच्या डोळ्यांत भरते ते दिसणारे प्रदूषण. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईच्या समुद्रात ‘एमएससी चित्रा’ व ‘खलीजिया’ ह्या जहाजांची टक्कर होऊन शेकडो टन तेल सांडले, तेव्हा पाण्यावरचा तवंग सर्वांनी पाहिला आणि मासळीबाजार ओस पडले. पालघर जिल्ह्यातील तारापूरची गोष्ट वेगळी. तेथील औद्योगिक वसाहतीचे सांडपाणी नळाने नवापूरच्या समुद्रात सोडले जाते. शुद्धीकरण केंद्राची मूळ क्षमता रोज अडीच कोटी लिटरची, आणि येणारे पाणी त्याहून अधिक. हे बिघडणे एका दिवसात दिसणारे नव्हते; ते जाळ्यात दिसत होते. २०१६ मध्ये अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. जानेवारी २०२२ मध्ये लवादाने दोषी कारखान्यांवर कोट्यवधी रुपयांच्या भरपाईचा बोजा टाकला.

अर्जदाराच्या नावातील ‘समाज’ हा शब्द लक्षात घ्यावा. तेथे त्याचा अर्थ ज्ञाती असा आहे: एक व्यवसाय, एक किनारा आणि परस्परांत नाते असलेली माणसे. सरकारी अहवालात ‘समाजाचा सहभाग’ असे लिहिले जाते तेव्हा त्याच शब्दाचा अर्थ सर्वजण असा होतो, आणि व्यवहारात पुष्कळदा कोणीच नाही असा. उरणच्या पारंपरिक मच्छीमारांनाही पहिल्याच अर्थाच्या बळावर उभे राहावे लागले. बंदराच्या भरावामुळे गेलेल्या उपजीविकेबद्दल लवादाने २७ फेब्रुवारी २०१५ रोजी १,६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये देण्याचा आदेश दिला.

दुसऱ्या अर्थाचा समाज कोठेच उभा राहिला नाही असे मात्र म्हणता येणार नाही. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर २०१५ च्या ऑक्टोबरात वकील अफरोज शाह आणि त्यांचे एक वयोवृद्ध शेजारी ह्या दोघांनी कचरा उचलण्यास आरंभ केला. पुढे दर आठवड्यास शेकडो लोक येऊ लागले, आणि मार्च २०१८ मध्ये तेथील वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्राकडे गेलेली लोकांनी पाहिली. हे काम थोर आहे. परंतु ते उचलता येणाऱ्या घाणीपुरते आहे. नळातून येणारे रंगीत पाणी घमेल्यात भरता येत नाही. शिवाय कचरा वेचणारा नागरिक घरी परततो, मच्छीमाराला त्याच पाण्यात होडी लोटावयाची असते. सहभागाच्या चर्चेत हा भेद पुसला जातो, आणि तो पुसण्यास ‘समाज’ हा एकच शब्द साहाय्य करतो.

आता हंसलदीवीच्या मुखाशी जाळे टाकणाऱ्या एखाद्या तेलुगू मच्छीमाराची कल्पना करावी. उद्या त्याच्या ज्ञातीने लवादाकडे अर्ज केलाच, तर प्रतिवादींच्या यादीत जवळची शहरे येतील, कारखाने येतील, कदाचित विजयवाडाही येईल. सीनाकाठचे नाव त्यात कोणी घालणार नाही, आणि भिंगारला त्याची नोटीसही मिळणार नाही.