मोटारीतील प्रवाससुख : चाक व आसन
धावत्या मोटारीत जाणवणारे धक्के व कंपने बऱ्याच अंशी टायर आणि आसनाच्या घडणीवर अवलंबून असतात. रिम मोठी झाली की टायरच्या बाजूची भिंत सहसा बुटकी होते आणि खरा फरक तिथेच पडतो. २०५/५५ आर १६ या टायरची रुंदी २०५ मिमी. व भिंतीची उंची तिच्या ५५ टक्के, म्हणजे सुमारे ११३ मिमी. असते. त्याऐवजी मोठ्या रिमचा २२५/४० आर १८ बसवल्यास बाहेरचा व्यास जवळपास तेवढाच राहतो; भिंत मात्र ९० मिमी. उरते. खड्ड्याची कड लागताच दबणारी ही उशीच कमी झाल्याने धक्का अधिक तीव्रतेने वर पोहोचतो. वळणावर नेमकेपणा वाढतो हे खरे, पण खडबडीत रस्त्यांवर हा सौदा महागच पडतो.

बसलेले शरीर ४ ते ८ हर्ट्झच्या उभ्या कंपनांना सर्वाधिक संवेदनशील असते. ही कंपने आसनाने शमवायला हवीत; म्हणून ते नुसते मऊ असून भागत नाही. फोम पूर्ण दबला की खालचा सांगाडा टोचतो. कमरेला आणि मांड्यांना आधार नसेल तर लांबच्या प्रवासात पाठ भरून येते. आसनाची घडण निराळीही असू शकते : १९४८ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात मांडलेल्या सीट्रोएन २सीव्ही या स्वस्त मोटारीत नळ्यांच्या चौकटीवर रबरी पट्ट्यांनी कापड ताणून आसने केली होती.