३०० येनचा रोबो

आज माझ्या टेबलावर जेमतेम साडेबारा सेंटीमीटरचा एक पांढरा रोबो उभा आहे. उभा म्हणजे, जरा तिरकाच. त्याचीच गोष्ट सांगतो.

७ एप्रिल १९७९. जपानमध्ये 'मोबाइल सूट गंडाम' ही ॲनिमे मालिका सुरू झाली. ठरले होते ५२ भाग, पण रेटिंग काही चढेना, आणि ४३ भागांत मालिका गुंडाळली. संपला विषय? छे! जुलै १९८० मध्ये बंदाईने या रोबोचं प्लास्टिक किट काढलं, किंमत ३०० येन. तोवर मालिकेचं पुनःप्रक्षेपण गाजू लागलं होतं, आणि पोरं दुकानांबाहेर रांगा लावायला लागली.

मला यातली खरी ग्यानबाची मेख वाटते ती स्केल, १/१४४. विमानांच्या मॉडेलसारखं ठरलेलं प्रमाण. त्यामुळे शत्रूचा झाकू शेजारी ठेवला की दोघांची उंची बरोबर जुळते. खेळणं नाही, यंत्र वाटतं ते.

मी त्याच जुन्या किटची नवी आवृत्ती जोडली. गोंद लावावा लागतो, रंग आपणच द्यायचा. घाईत छातीवर माझ्या अंगठ्याचा ठसा उमटला, तो आता कायमचा. गुडघा धड वाकत नाही. सांध्यांना मी दहापैकी तीनच देईन.

१९९० च्या हाय ग्रेडमध्ये गोंद गेला, भाग रंगीत आले. १९९५ ला मास्टर ग्रेड आलं. तो माझ्याकडे आहे, गुडघ्यावर सुद्धा बसतो. पण पाहुणे आले की आधी हा तिरकाच उचलतात.