हट्टी नळी

विरार स्थानकावर उतरणाऱ्या फुलपाड्याच्या रहिवाशास गाडीचा तो ‘फुस्स’ आवाज परिचित असतो. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईस पहिली लोकल निघाली तेव्हा तो नव्हता. जॉर्ज वेस्टिंगहाऊसने वाऱ्याच्या ब्रेकचे पेटंट घेतले ते १८६९ साली, अमेरिकेत. त्यात नळी तुटली की ब्रेकच निकामी होई. १८७२ साली त्याने न्याय उलटा केला: नळीतील दाब गेला की ब्रेक आपोआप लागावा.

डब्यांमधील जोड सोडविणाऱ्याची अडचण मात्र निराळी. आत कोंडलेला वाराच जोडाचे रबर घट्ट दाबून धरतो. म्हणून जाणता कामगार हातोड्यास हात लावीत नाही. दोन्हीकडील तोट्या बंद करून कोंडलेली हवा आधी सोडतो. दाबासह सुटलेली नळी चाबकासारखी उसळते; तिने हाडही मोडावयाचे.

डोंगरात चालणाऱ्या काही मोटारींच्या डिफरन्शियलमध्ये आज दोन्ही चाके एकत्र बांधणारे वाऱ्याचे कुलूप असते. त्याच्या बारीक नळीची खोड तर अधिकच चमत्कारिक! पुष्कळ जोडांत ती ओढावी तो पकड आवळते. तेव्हा हवा काढावी, नळी किंचित आत ढकलावी, जोडाचे कडे दाबून धरावे आणि मगच ती सरळ ओढावी.