जाळीचं आजोळ मुंबईत

ओटीपोटातल्या कृत्रिम जाळीची कुळकथा बहुतेकजण हर्नियापासून सुरू करतात. ह्यूस्टनच्या डॉ. फ्रान्सिस अशर यांनी १९५८ मध्ये हर्नियासाठी प्लास्टिकची जाळी पुढे आणली, तीच पुढे स्त्रीरोगात शिरली. हे खरं आहे, पण अर्धंच. जाळीचं आजोळ मुंबईत आहे, असं मी म्हणतो.

अंग बाहेर येण्याचा, म्हणजे गर्भाशय खाली सरकण्याचा, त्रास आपल्याकडे अनेकदा तरुणपणीच सुरू होतो. लागोपाठची बाळंतपणं आणि बाळंतपणानंतर लगेच उचललेली ओझी बऱ्याचदा त्याच्या मुळाशी असतात. मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या भातखाचरांत राबणाऱ्या बायकांना हे सांगायला नको. त्यावरच्या मँचेस्टर पद्धतीच्या शस्त्रक्रियेत गर्भाशयाचं तोंड कापत. ज्यांना अजून मूल हवं, त्यांना ते परवडणारं नव्हतं. म्हणून मुंबईत डॉ. पुरंदरे यांनी पोटाच्या स्नायूवरच्या चिवट आवरणाच्या पट्ट्यांनी गर्भाशय टांगलं. मूळ गोव्याचे डॉ. वि. ना. शिरोडकर यांनी गर्भपात रोखणारा टाका १९५५ मध्ये मांडला, त्यातही रुग्णाच्याच मांडीतली पट्टी होती. पुढे दोन्हीकडे मर्सिलीनची, म्हणजे पॉलिएस्टरची, फीत आली. मांडीवरची दुसरी जखम टाळणं हे या बदलामागचं एक कारण असावं.

यावर आक्षेप येतो, की डॉ. ऑल्ड्रिज यांनी १९४२ मध्येच लघवीची गळती रोखायला स्वतःच्या ऊतीची पट्टी वापरली होती. मान्य, पण ती मूत्रमार्गाखाली होती. गर्भाशय राखून ते फितीने टांगण्याची रीत मुंबईने रुळवली, असं माझं मत आहे.

फितीसोबत दुखणंही आलं. अनेक तंतूंच्या विणीतल्या बारीक फटींत जिवाणू शिरतात, त्यांना मारणाऱ्या पेशी मात्र शिरू शकत नाहीत. प्रोटेजेन ही पॉलिएस्टरची पट्टी १९९९ मध्ये बाजारातून परत घ्यावी लागली. त्याआधीच मोठ्या छिद्रांची, एकतंतू पॉलिप्रॉपिलीनची जाळी आली होती. डॉ. उल्मस्टेन यांनी १९९६ मध्ये लघवीच्या गळतीवर तिची अरुंद पट्टी मूत्रमार्गाखाली बसवली. मग अंग बाहेर येण्यावर योनीतून रुंद जाळ्या घालू लागले, आणि खरा अनर्थ तिथे झाला. काही जणींत जाळी आकसते, योनीची त्वचा भेदून वर येते, संबंधाच्या वेळी दुखते. छिद्रांतून ऊती वाढलेल्या असल्याने ती पुरती काढणंही अवघड. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००८ आणि २०११ मध्ये इशारे दिले आणि २०१९ मध्ये या कामासाठी योनीतून बसवायच्या जाळ्यांची विक्री थांबवली. पोटातून बसवायची जाळी आणि लघवीच्या गळतीसाठीची पट्टी या बंदीत नव्हती.

तेव्हा दोष टांगण्याच्या कल्पनेचा नाही. परकी वस्तू, तिची रुंदी आणि ती घालण्याची वाट यांचा आहे. घरातल्या कुणाचं असं ऑपरेशन ठरलं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा: आत काय बसवणार, कुठून बसवणार, आणि जाळीवाचून भागेल का? ऑपरेशनचा कागद जपून ठेवा.