खर्जाचे मोल : घरगुती ध्वनिक्षेपकाचा इतिहास

संगीताचा शौक महाग पडतो, ही तक्रार जुनीच आहे. पूर्वी ती गवयांच्या बिदागीविषयी असे. विसाव्या शतकात ती यंत्रांकडे वळली. आज परदेशी बनावटीच्या ध्वनिक्षेपकांच्या एखाद्या जोडीला मोटारीइतकी किंमत पडते, आणि ती मोजणारा गृहस्थ रसिक म्हणावा की उधळ्या, यावर घरोघर मतभेद होतात. हे मतभेद मिटविण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु ही किंमत मुळात कशासाठी द्यावी लागत असे, हे पाहिले तर वादातील बराच धुरळा खाली बसेल.

देवळातील घंटा ज्याने लक्षपूर्वक ऐकल्या आहेत, त्याला या विषयातील मुख्य अडचण सांगावी लागत नाही. लहान घंटा किणकिणते. गंभीर नादासाठी धातू पुष्कळ लागतो. ध्वनिक्षेपकाचेही तसेच आहे. काळी एकमध्ये गाणाऱ्या गवयाच्या षड्जाची कंपने सेकंदाला सुमारे १३९ असतात, आणि त्याच्या तंबोऱ्याच्या खर्जाची सुमारे ६९. या खर्जाची हवेतील एक लाट सोळा फूट लांब असते. ती वीतभर खोक्यातून काढावयाची! स्वर एक सप्तक खाली उतरवून तितक्याच जोराने ऐकवावयाचा, तर ध्वनिक्षेपकाच्या पडद्याला चौपट अंतर मागेपुढे हलावे लागते. शिवाय पडद्याच्या मागे निघालेली लाट पुढच्या लाटेला मारते, म्हणून मागची बाजू खोक्यात कोंडावी लागते. खर्ज जितका खोल, तितके खोके मोठे, लाकूड जास्त आणि पैसाही जास्त, असे हे गणित होते.

पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडम या दोघांनी कॅलिफोर्नियातील नापा गावी १९१५ साली जो ध्वनिक्षेपक सिद्ध केला, त्याला त्यांनी 'मॅग्नाव्हॉक्स', म्हणजे लॅटिन भाषेत 'महाध्वनी', असे नाव दिले. तो सभांच्या कामाचा होता. १९१९ साली सॅन दिएगो येथे राष्ट्राध्यक्ष विल्सन यांचे भाषण अशाच यंत्रातून अफाट समुदायाने ऐकले. दिवाणखान्यात शोभेल असा ध्वनिक्षेपक १९२५ साली जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी जगापुढे मांडला. चुंबकाच्या फटीत तारेचे हलके वेटोळे, त्याला जोडलेला कागदाचा शंकू, आणि भोवती खोके. गेल्या शंभर वर्षांत कागदाच्या जागी इतर पदार्थ आले, चुंबक सुधारले; पण आजच्या बहुतेक महागड्या यंत्रांची मांडणी हीच आहे.

खर्जाचा प्रश्न मात्र उरलाच. आर्कान्सा राज्यातील होप या गावी पॉल क्लिप्श याने १९४६ पासून जे 'क्लिप्शहॉर्न' विकावयास घेतले, त्यात एक भला मोठा कर्णा घड्या घालून लाकडी कपाटात बसविलेला असे. ते कपाट खोलीच्या कोपऱ्यातच ठेवावयाचे, म्हणजे दोन भिंती त्या कर्ण्याचा पुढचा भाग होत. एवढ्या युक्तीने एका वॅटमध्ये घर दणाणून जाई. पण घराला मोकळा कोपरा हवा, आणि खिशाला आधार हवा.

हे समीकरण मोडले ते एका अध्यापकाने. एडगर व्हिल्चर न्यूयॉर्क विद्यापीठात ध्वनिपुनरुत्पादनाचा वर्ग घेत असे. पडद्याला धरून ठेवणारी ताठ कड हीच स्वर बिघडविते, हे त्याच्या ध्यानात आले. त्याने ती कड सैल केली, खोके लहान आणि पूर्ण हवाबंद केले, आणि आतील कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंगचे काम दिले. हवा धातूपेक्षा आणि कापडापेक्षा प्रामाणिक स्प्रिंग असते. त्यामुळे खोके लहान असणे ही उणीव न राहता गरजच झाली! प्रस्थापित कारखानदारांना ही कल्पना पटली नाही. त्याच्याच वर्गातील हेन्री क्लॉस नावाच्या तरुणाची केंब्रिज येथे लहानशी कार्यशाला होती. तेथे दोघांनी १९५४ साली 'एआर-१' बनविला. किंमत १८५ डॉलर. फळीवर मावेल एवढा, आणि खर्ज कपाटाएवढ्या यंत्रांना लाजविणारा. त्याचे पेटंट पुढे न्यायालयात टिकले नाही, आणि ती युक्ती सर्वांना खुली झाली. १९५८ साली दोन ध्वनिक्षेपक लागणाऱ्या स्टीरिओ तबकड्या बाजारात आल्यावर दोन-दोन कपाटे कोण ठेवणार? लहान खोके जिंकले. एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे: या खोक्याला वीज पुष्कळ लागे, म्हणजे लाकडात वाचलेला पैसा काही अंशी अँप्लिफायरमध्ये गेला.

या कंपनीची जाहिरात करण्याची तऱ्हाही सभ्य होती. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकात तिने एक संगीतकक्ष उघडला. तेथे यावे, ऐकावे आणि जावे, विक्री होत नसे. 'फाइन आर्ट्स क्वार्टेट'चे वादक रंगमंचावर वाजविता वाजविता केवळ वाजविण्याचा अभिनय करीत, आणि नाद त्यांच्या ध्वनिमुद्रणाचा 'एआर-३'मधून येई. श्रोत्यांना बदल कळत नसे. तरी अशा परीक्षांवर फार भिस्त ठेवू नये. एडिसनच्या कंपनीने १९१५ पासून दहा वर्षे गायिका आणि फोनोग्राफ शेजारी ठेवून अशीच किमया दाखविली होती, आणि त्यांपैकी ॲना केस हिने पुढे सांगितले की आपण आपला आवाजच यंत्रासारखा करीत होतो.

इंग्लंडात हंटिंग्डन येथील पीटर वॉकरने १९५७ साली निराळाच मार्ग धरला. त्याच्या 'क्वाड' ध्वनिक्षेपकात शंकू नाही, खोके नाही. विजेच्या प्रचंड दाबाखाली दोन जाळ्यांमध्ये डोलणारा एक पातळ पडदा. खोल खर्ज त्याला पेलत नसे, फार मोठ्याने बोलणेही नाही. परंतु मानवी कंठ त्यातून जितका स्वच्छ येई, तितका त्या काळी क्वचितच कोठे ऐकू येत असे. येथे पैसा आकाराला नव्हता, सचोटीला होता.

पुढे किंमत आणि पदार्थविज्ञान यांची फारकत झाली. फ्लॉइड टूल याने कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत वर्षानुवर्षे श्रोत्यांना पडद्याआडून ध्वनिक्षेपक ऐकविले. नंतर १९९४ साली शॉन ऑलिव्हबरोबर त्याने तेच ध्वनिक्षेपक एकदा झाकून आणि एकदा उघडे ठेवून ऐकविले. डोळे मध्ये येताच गुण बदलले: लहान, स्वस्त खोक्यांचा संच झाकलेला असताना मोठ्यांच्या बरोबरीने उभा राहिला, आणि दिसू लागताच मागे पडला. परीक्षक नवखे नव्हते, ध्वनिक्षेपक बनविणाऱ्या कंपनीतीलच माणसे होती.

आता आपल्या घराकडे वळू. पाश्चात्य कारखानदाराचा जो पैसा सर्वांत खालच्या सप्तकावर खर्च होतो, तो त्यांच्या चर्चमधील ऑर्गनसाठी सार्थ आहे. त्याची बत्तीस फुटी नळी सेकंदाला सोळा कंपनांवर बोलते. आपल्या तंबोऱ्याचा खर्ज त्याच्या दोन सप्तके वर असतो, आणि पखवाजाच्या धुमेलाही इतके खाली उतरावे लागत नाही. उलट जवारीचा झंकार आणि कंठातील श्रुती मधल्या व वरच्या पट्टीत राहतात. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या १९०५ च्या सुमाराच्या तबकड्या तर कर्ण्यासमोर गाऊन घेतलेल्या. त्यांत खर्ज उतरलाच नाही, तो लाखाचे यंत्र कोठून आणणार? गोव्यातील केरीच्या केसरबाईंची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांतून अंतराळात गेली, तेव्हा तबकडीबरोबर सुईही ठेवली. ध्वनिक्षेपक ज्याचा त्याने शोधावा!

म्हणून खालच्या सप्तकासाठी लाखो रुपये मोजणे आम्हांस व्यर्थ वाटते. कंठाच्या सचोटीसाठी चार पैसे अधिक द्यावेत, त्यात उधळपट्टी नाही. खरेदीला जाताना ओळखीच्या गायकाची एखादी तबकडी बरोबर न्यावी, दोन्ही जोड्यांचा आवाज सारखा करून घ्यावा, कारण किंचित मोठा आवाज नेहमीच चांगला भासतो, आणि दोहोंवर चादर टाकावयास सांगावे. चादर नाकारणाऱ्या दुकानातून बाहेर पडलेले बरे.