खुनी कोण, आणि संशय कोणावर

१८८८ साली ३१ ऑगस्ट ते ९ नोव्हेंबर या काळात पूर्व लंडनच्या व्हाइटचॅपल आणि आसपासच्या भागात पाच बायकांचे खून झाले. खुनी सापडला नाही. 'जॅक द रिपर' हे नावसुद्धा एका पत्रातून आले, आणि ते पत्र कुणा पत्रकारानेच लिहिले, असे तेव्हाच्या पोलीस अधिकाऱ्यांना वाटत होते. आजवर राजपुत्रापासून चित्रकारापर्यंत शेकडो नावे घेतली गेली. मी मात्र या प्रकरणात वेगळेच काही शोधत बसतो : पहिला संशय कोणावर गेला? माझे नाव ऐकल्यावर समोरच्याचा सूर बदलतो, हे अनेकदा अनुभवल्यामुळे असेल.

पहिला संशय गेला 'लेदर एप्रन'वर. जॉन पायझर हा जोडे बनवणारा ज्यू कारागीर. वर्तमानपत्रांनी एवढी राळ उडवली की जमाव फाडून खाईल या भीतीने भावाच्या सल्ल्यावरून तो घरात लपून बसला. पोलिसांनी पकडले, तेव्हा कळले की पहिल्या खुनाच्या रात्री गोदीला लागलेल्या आगीचा उजेड पाहत तो रस्त्यावर चक्क एका पोलिसाशीच बोलत होता! तो सुटला. पण इंग्रज माणूस असे करूच शकत नाही, हे गर्दीने आधीच ठरवून टाकले होते.

३० सप्टेंबरच्या पहाटे गोलस्टन स्ट्रीटवर कॅथरिन एडोज हिच्या एप्रनचा रक्ताळलेला तुकडा सापडला. वरच्या भिंतीवर खडूने ज्यूंविषयी एक वेडेवाकडे वाक्य. ते दोष देणारे होते की दोष नाकारणारे, यावर अजून वाद चालतो. पोलीस आयुक्त सर चार्ल्स वॉरन यांनी उजाडण्यापूर्वी, छायाचित्रही न घेता, ते पुसायला लावले. पुरावा नष्ट केला म्हणून त्यांना आजही बोल लावतात. दिवस उजाडल्यावर त्या ज्यू वस्तीत दंगल पेटेल, ही त्यांची भीती होती. मला ती खोटी वाटत नाही.

१८९४ मध्ये मॅकनॉटन यांनी तीन संशयितांची टिपणी लिहिली. त्यातला ड्रुइट हा डॉक्टर म्हणून नोंदवला, तो होता बॅरिस्टर आणि शाळामास्तर. ऑस्ट्रॉग तर त्या काळात फ्रान्सच्या तुरुंगात होता, हे पुढे उघड झाले. उरला कोस्मिन्स्की, पोलिश ज्यू. १९१० मध्ये रॉबर्ट अँडरसन यांनी आठवणींत नाव न घेता खुनी पोलिश ज्यूच होता असे ठोकून दिले, वर त्याची माणसे त्याला कायद्याच्या हवाली करत नाहीत असेही सुनावले. एका माणसाचा गुन्हा, आणि आरोपी अख्खी वस्ती. त्याच वर्षी हेन्री स्मिथ या दुसऱ्या पोलीस अधिकाऱ्याने त्यांना खडसावले, हे वाचून बरे वाटले.

अलीकडे एका शालीवरच्या डीएनएवरून पुन्हा कोस्मिन्स्कीचेच नाव पुढे आले. एडोजच्या अंगावरील वस्तूंच्या पोलीस यादीत ती शाल नाही.

आणि मेरी अॅन निकोल्स, अॅनी चॅपमन? दोघींकडेही त्या रात्री खाटेपुरते पैसे नव्हते, म्हणून त्या बाहेर होत्या.