भीमथडीचं तट्टू

भीमथडी म्हणजे भीमेचा काठ. माण तालुक्यात उगम पावणारी माणगंगा आटपाडीवरून जाऊन भीमेलाच मिळते. या मुलखातल्या तट्टांत अरबी आणि तुर्की घोड्यांचं रक्त मिसळलं, त्यातून भीमथडी घोडा घडला. बुटका, पण काटक. थोड्या चाऱ्यावर डोंगर तुडवणारा. आफ्रिकेच्या हबशी मुलखात जन्मलेल्या मलिक अंबरने अशाच चपळ मराठा घोडदळाच्या साथीने १६२४ मध्ये भातवडीची लढाई जिंकली.

पागेची भाषाही तशीच मिसळलेली. लगाम, जीन फारसी. रिकीब, नाल अरबी. सरकारी घोड्यावरचा बारगीर, स्वतःचा घोडा आणणारा शिलेदार, हे शब्दही फारसीतूनच मराठीत रुळले.

आज हीच तट्टं धनगरांचं बिऱ्हाड पाठीवर वाहतात. शुद्ध रक्ताचा अभिमान मिरवणाऱ्यांनी त्यांच्याकडे एकदा पाहावं.